उरलेले एक-दोन फोटो

दोन हजार सालच्या आसपास रत्नागिरीत, स्टँडामागच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी रोल धुवायला न्यायचो. दुकानदार आधी कॅमेऱ्यावरचा आकडा बघायचा. एक-दोन फोटो शिल्लक असले तर तो रोल काढतच नसे. मला काउंटरपाशी उभं करायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि माझाच कॅमेरा डोळ्याला लावायचा. मी कुरकुरायचो. एकदा तो म्हणाला, "मागच्या रोलात वहिनी होत्या, पोरं होती, शेजाऱ्यांची म्हैस पण होती हो. तुम्ही कुठं होतात?"

त्या वर्षांतले माझे पाचच फोटो आहेत, पाचही त्याच्या काउंटरपाशी काढलेले. त्याचा एकही माझ्याकडे नाही आणि नाव मी कधी विचारलं नाही. पाचही फोटोंत मात्र मी कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडेच बघतोय.