दरोगा गोळ्या खाईना

नांदूरघाटच्या दूध सोसायटीत मुंजाजी दोन्ही वेळचं दूध मापायचा, पण गाव त्याला ओळखायचं ते जत्रेच्या नाटकामुळे. पडद्यामागे पत्रा बडवून ढग गडगडवायचे आणि दोरीवर चंद्र चढवायचा, हे त्याचं काम. एकदा चंद्र कापडाआडून अर्धाच बाहेर आला आणि अडकला. मुंजाजीने आतून आवाज टाकला, "आज अष्टमी हाय!" नायकाला त्या रात्री मिळाली नाही एवढी टाळी त्याला मिळाली.

दुष्काळात गावचा तलाव आटला, तेव्हा शेवटच्या डबक्यातली वीतभर मरळ मासळी त्याने घागरीत घालून घरी आणली. सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांना कुणीतरी भेट दिलेली काचेची पेटी कपाटावर धूळ खात पडली होती, ती मागून घेतली. मरळ उडी मारते म्हणून वर जाळीचं झाकण, झाकणावर दगड. पाण्यातून ती अशी रोखून बघायची, जणू घराची झडती घ्यायला आली आहे. म्हणून नाव पडलं दरोगा.

डबक्यातले बारके मासे, बेडकाची पिल्लं, जे वळवळेल ते दरोगा गिळायचा. मग डबकंही आटलं.

"घरात प्यायला टँकरचं पाणी," मुंजाजीची बायको छबुबाई म्हणाली, "अन् ह्यो नवाब पेटीभर पाण्यात लोळतोय. वर ह्याला जितं खाणं पायजे. पुढल्या बाजारापत्तुर जे मिळंल ते खायला शिकला तर ठीक. न्हाई तर कालवण."

"अगं, जीव हाय त्यो."

"कोंबडा पण जीवच असतोय. तवा बरं वाटी पुढं करता."

पेटीतले मासे गोळ्या खातात, एवढं मुंजाजी ऐकून होता. पण तो दूध सोसायटीचा माणूस. त्याला गोळी म्हटली की जनावरांची गोळी पेंड. दावणीच्या म्हशीला तीच चालते, मग माशाला का चालू नये? त्याने मूठभर पेंड पेटीत सोडली. सकाळी पाण्याची आंबील झाली होती आणि दरोगा वर तोंड काढून धापा टाकत होता.

मुंजाजी सायकल हाणत गावातल्याच बद्रीनाथकडे गेला. बद्रीनाथ मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. तलाव कोरडा, त्यामुळे त्याला ऐकायला वेळच वेळ होता.

"म्हशीची पेंड माशाला घातलीस बे?" तो पोट धरून हसला. मग उठून माशांच्या खाद्याच्या गोळ्यांची पुडी काढून दिली. "सगळं पाणी एकदम बदलू नको, दगावंल. रोज थोडं काढ, थोडं घाल. टँकरच्या पाण्यात औषध असतंय, ते रातभर उघडं ठेवून मग घाल. अन् मरळ हालत्या घासावरच झडप घालती. आधी मेलेलं हालवून दे, मग त्याच्यात गोळी मिसळ, मग नुस्ती गोळी. उरलेलं लगीच उचल. दोन दिस न्हाई खाल्लं तर मरत न्हाई त्यो, घाबरू नको."

हालवायचं म्हटल्यावर मुंजाजीचा चेहरा खुलला. त्याने भिजवलेलं सुकट दोऱ्याला बांधलं.

"दोरा गिळंल की," छबुबाई चुलीपासून म्हणाली.

मग खराट्याची काडी टोकाला चिरून त्यात सुकट अलगद अडकवलं, ओढलं की सुटेल असं. आणि काय सांगावं, त्या वाळक्या सुकटात मुंजाजीने जीव ओतला! ते लाजायचं, बिचकायचं, लंगडत पळायचं. दरोगा दबा धरून बसला आणि खळ्ळकन झडपला. मुंजाजीने स्वतःच टाळी वाजवली. पाणी हळूहळू निवळलं. काढलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला गेलं. कुटलेली गोळी सुकटात भरून दिली, तीही गेली. नुसती गोळी मात्र दरोग्याने तोंडात घेतली, थुंकली आणि शेपूट फिरवून बसला.

रोज तेच. गोळी सुकटाच्या पाण्यात बुडवून झाली, काडीवर नाचवून झाली. दरोगा ढिम्म. बाजार उद्यावर आला. छबुबाईने पाट्यावर वाटण वाटायला घेतलं, तसा खोबऱ्याचा वास घरभर सुटला आणि मुंजाजीच्या घशाखाली भाकरी उतरेना.

"बाजार उद्या हाय," तो म्हणाला.

"वाटण आजच मुरतंय," ती म्हणाली.

निदान चटणीबरोबर दोन घास जातील म्हणून त्याने सुकटाचा डबा उघडला. डबा रिकामा. चिमूटभर चुरा तळाशी. त्याने तर काडीला लावायला पाच-सातच तुकडे घेतले होते, आणि घरात सुकटाची चटणी तर कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

"छबू, सुकट कुटं गेलं?"

वरवंटा थांबला.

"तुमी सोसायटीत गेलं की मी दुपारी भाकर घेऊन बसते," ती पाट्याकडे बघत म्हणाली. "त्यो तिकडून टक लावून बघतोय. घरातला जीव उपाशी ठेवून आपण जेवावं व्हय? दावणीला चारा टाकल्याबिगर आपल्या घरात कोण जेवलंय कधी?"

"म्हंजे त्यो पोट भरून माझ्याफुडं बसत होता! अन् कालवणाची धमकी?"

"ती खरी होती. पर मरंस्तोवर खायला तर द्यावं लागंलच की."

मुंजाजीला राग यायला हवा होता. तो एवढा हसला की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी छबुबाई बाजारातून मीठ, वांगी आणि बांगड्या घेऊन आली. सुकट आणलं नाही. "डोळ्याम्होरं दिसलं की हात जातोय," म्हणाली. कालचं वाटण वांग्यांना लागलं. दरोग्याला त्या दिवशी कुणी काही दिलं नाही, आणि छबुबाईही दोन्ही वेळा जेवली नाही.

सकाळी तिने झाकण उघडलं. काडी नाही, नाच नाही. दोन गोळ्या पाण्यावर टाकल्या आणि दावणीच्या खोंडाला म्हणावं तसं म्हणाली, "खा गप."

दरोगा वर आला. एक गोळी गेली. थुंकली नाही. दुसरी गेली.

"मी एवढी मेहनत घेतली, अन् टाळी तुला," मुंजाजी म्हणाला.

"तुमी पडद्यामागंच बरं," छबुबाई म्हणाली, हात धुतला आणि कालपासून पहिल्यांदा स्वतःसाठी भाकरी मोडली.