रंग काढलेला स्टँड

जुने लाकडी कॅमेरा-स्टँड जमवायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. शाहूपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते भिंतीला टेकून उभे असतात. बायको म्हणते, "माणसांना पाय ठेवायला जागा न्हाय, आन् ह्यांच्या लाकडांना तीन-तीन पाय."

हा स्टँड शिरोळच्या एका जैन शेतकरी कुटुंबातला. घर पाडून नवं बांधायचं होतं, म्हणून माळ्यावरचं सामान खाली आलेलं. घरातल्या आज्जींनी तो स्वतः पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "मामंजींचा हाय. नीट ठेवा," एवढंच म्हणाल्या. वरपासून खालपर्यंत काळा रंग फासलेला होता.

घरी आणून निरखायला बसलो आणि काहीच जुळेना. माथ्यावरचा स्क्रू बारीक होता, म्हणजे कॅमेऱ्याचा. पण पायांना लोखंडी टोकं, आणि ती जमिनीत रुतवायला बाजूला पायानं दाबायची पट्टी. असे पाय जमीन मोजायच्या दुर्बिणीच्या स्टँडला असतात. फोटोग्राफर कशाला जमिनीत टोकं रुतवेल? माझ्यासारखाच नाद असलेल्या एका मित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, "रंग काढ. खाली कंपनीचा शिक्का सापडेल."

मी रंग काढला. शिक्का काही सापडला नाही. उलट दोन पाय तांबूस, गुळगुळीत लाकडाचे निघाले आणि तिसरा साध्या सागवानाचा, हातानं तासलेला. आता तर हा एक स्टँड आहे की दोन, हेही कळेना.

पुढच्याच महिन्यात आज्जी डोळे दाखवायला कोल्हापुरात आल्या. नातवाला म्हणाल्या, "पावण्यांच्याकडं जाऊन येऊ. मामंजींचा स्टँड बगतो एकदा."

मी कौतुकानं तो हॉलच्या मध्ये उभा केला. आज्जींनी चष्मा सारखा केला, भोवतीनं फिरल्या.

"ह्यो आमचा न्हवं."

"आज्जी, तुम्हीच दिलाय मला."

"मी काळा दिलता. वळखतो की मी. ह्यो दुसऱ्या कुणाचातरी हाय."

नातू हसला, पण मला हसू आलं नाही. मी सागवानाचा पाय दाखवला. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि खाली बसल्या.

"महापुरात एक पाय व्हावून गेलता. सुतारानं नवा करून दिला. पर त्यो येगळा दिसाय लागला, म्हणून मामंजींनी सगळ्यालाच काळा रंग दिला. अंगणात बसून, सोत्ता."

"पण ते यावर ठेवायचे काय? कॅमेरा?"

"कॅमेरा कुठला? रानात पाण्याचा पाट काढताना वर कायतरी लावून बगायचं त्यातनं."

"म्हणजे दुर्बीण."

"व्हय. आन् माझा फोटो काढलाता की, मी नवी नवरी असताना. ह्येच्यावरच."

"मग कॅमेरा होता ना?"

"असंल. मी खाली बगून हुभी हुतो, मला काय म्हाईत?"

मी नातवाकडे पाहिलं. तो फोटो त्यानं कधीच बघितला नव्हता.

"मी परत काळा करून देऊ का? घेऊन जा घरी," मी म्हणालो.

आज्जी रागावल्या होत्या असं वाटलं नाही, पण खूश तर मुळीच नव्हत्या. "तुमी लावल्याला रंग घिऊन मी काय करू?" म्हणाल्या. बायकोनं चहा आणला. तो पिता पिता त्या नव्या घराच्या स्लॅबबद्दल बोलल्या, आणि निघताना दारातूनच म्हणाल्या, "ठेवा तुमच्यातच."

मित्राचा पुन्हा फोन आला : कॅमेऱ्याचा की मोजणीचा? मी म्हटलं, दोन्हीचा असावा. तो म्हणाला, असं नसतं. असेलही. पण त्या दिवसापासून मी कुठल्याच स्टँडचा रंग काढलेला नाही. सध्या एक हिरवा आलाय कोडोलीहून. तो ओळखायचा कसा, हे मला ठाऊक नाही.