यारीचा दोर आणि माझा हातरुमाल

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही... तरी हे लिहितो आहे.

आमच्या घरी पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की चूल एकवेळच पेटायची. बाबा रत्नागिरीच्या बंदरावर खलाशी. पडावात, म्हणजे मालाच्या होडीत उभं राहून यारीच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या क्रेनच्या आकड्याला माल अडकवायचा, हे त्यांचं काम. त्या कष्टावर मी मुंबईला जाऊन बी. एस्सी. झालो — आमच्या घराण्यातला पहिला. एकोणीसशे तीसच्या दशकात त्याच धक्क्यावर एका खासगी कंपनीत सुपरवायझर म्हणून लागलो. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

यारीचा तारेचा दोर तपासणं माझ्याकडे होतं. कॅलिपरने जाडी मोजायची, एका पिळात किती तारा तुटल्या ते पाहायचं, मर्यादा ओलांडली की दोर बदलायचा. धक्क्यावरचे सगळ्यांत जुने खलाशी जानू तांडेल, त्यांची रीत निराळी. रोज सकाळी धोतराची चिंधी दोरावरून ओढत न्यायचे. तुटलेली तार असली की चिंधीचे धागे तिथे अडकतात. इथवर मलाही मान्य होतं.

पण त्या मोसमाच्या शेवटी चिंधी रोज एकाच जागी अडकू लागली, आकड्यापासून दहा हातांवर. मी भिंग लावलं. एकही तार तुटलेली नाही. जाडी बरोबर.

"जानूकाका, तुम्हीच नखाने धागा ओढता."

"ओढतो तर ओढतो. तुजा बापूस खाली उभा ऱ्हातो, माझा न्हाय," ते म्हणाले. "दोर काय बीएस्सी झालेला नसतो, साहेबानु."

बाकीचे हसले. मला ते झोंबलं. म्हाताऱ्याला माझी फजिती करायची आहे, अशी माझी खात्रीच झाली.

रविवारी ते चिपळूणला लेकीकडे गेले. मी दोन फिटर हाताशी धरले आणि दोर काढून टोकांची अदलाबदल केली. आकड्याकडचं टोक दोर गुंडाळणाऱ्या रहाटाकडे, रहाटाकडचं आकड्याकडे. कुणाला सांगायचं नाही, अशी फिटरांना ताकीद दिली. म्हातारा ढोंग करत असेल तर जुन्याच जागी थांबेल, असा माझा हिशेब.

सोमवारी दोर धक्क्यावर पसरला. चिंधी दहा हात सरळ गेली, पुढेही गेली. जानूकाका चकित दिसले. मी मनात हसलो. मग रहाटाकडच्या टोकाला दहा हात उरले, आणि चिंधी अडकली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोर उलटा केलास?"

मी दोराजवळ गेलो. खिशातला माझा हातरुमाल काढून स्वतः ओढला. त्याच जागी अडकला... चार धागे दोरावर राहिले. बोट फिरवलं, तर दोर गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी भातगिरणीचं इंजिन पडावातून चढवायचं होतं, आणि खाली बाबा असणार होते. दोर बदलायचा म्हटल्यावर मॅनेजर चिडले. दोर जुना नाही, मापं ठीक आहेत, कारण काय लिहिणार? नोकरी जाते की राहते, असा तो प्रश्न होता. मी रजिस्टरात दोर रद्द केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'संशय'.

मॅनेजरांनी आपल्यासमोर तो तुकडा कापायला लावला. पीळ उकलला तर आतून लाल भुकटी गळली. आतल्या तारा गंजून फुगल्या होत्या, म्हणूनच जाडी बरोबर भरत होती. एवढ्याचा उलगडा मला होतो.

पण बाहेरच्या तारा शाबूत होत्या, एकूणएक मोजल्या. मग रुमाल अडकला कशात? उरलेल्या अखंड भागावर तो पुन्हा फिरवला, तर तो कुठेच अडकला नाही. कापलेल्या तुकड्यावर, त्याच जागीसुद्धा, सरळ सरकून गेला. जानूकाकांना विचारलं. म्हणाले, "मला इचारू नको, मी फक्त चिंधी ओढतो." त्यांच्यावरचा माझा संशय गेला, कशावर घ्यायचा ते मात्र आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या दोरावर इंजिन वर आलं. त्यामागोमाग बाबाही शिडी चढून वर आले.