दोन गोष्टी चांगल्या

शॉमबर्गला माझ्या मुलाच्या शाळेत एकदाच पाहिलेला तो माणूस आठवला की अजून माझं टाळकं सरकतं. पालकभेटीच्या दिवशी टीचरनी गप्प बसायचं आणि मुलांनीच आपला अभ्यास आईवडिलांना समजावून सांगायचा, अशी तिथली पद्धत. शेजारच्या टेबलाशी हे गृहस्थ मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून बसले होते. पट्ट्याला सेलफोन, चेहऱ्यावर उपकार. समोर त्यांची तिसरीतली पोर गणितं, स्वतः लिहिलेली गोष्ट, सगळं मन लावून दाखवत होती. हे मात्र तिच्या डोक्यावरून टीचरकडे बघत होते. लहान मुलीचं काय ऐकायचं!

शेवटी तिनं विचारलं, "डॅड, नाऊ टेल मी टू थिंग्ज आय डिड वेल." हेही पद्धतीतलंच होतं, सगळ्याच पालकांना ते सांगायचं होतं.

माझं मुलाशी चाललेलं मराठी त्यांनी ऐकलं असावं. मुलीला सोडून मलाच म्हणाले, "आपल्यात नाही हो तोंडावर कौतुक करत. पोरं शेफारतात."

नंतर पार्किंग लॉटमध्ये ते पुन्हा दिसले. मुलगी जॅकेटची टोपी ओढून बरीच पुढे चालली होती आणि हे फोनवर ओरडत होते, "अरे दादा, काय बोलते पोरगी! फर्डं इंग्लिश! टीचर नुसती ऐकत बसली!"

गाडीपाशी थांबून मुलीनं विचारलं, "डॅड, डिड आय डू ओके?"

त्यांनी फोनवर हात ठेवला.

"ठीक होतं. बस गाडीत."