कौसल्याकाकूंनी मिटलेली वही

नाटकाच्या शेवटी कुणी कुणाला माफ केलं की कौसल्याकाकू विंगेत कपाळावर हात मारून घ्यायच्या. अड्याळच्या आमच्या नाटक मंडळाच्या त्या प्रॉम्प्टर. विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून पोरीला एकटीनं वाढवलेली बाई; वाचन दांडगं, जीभ त्याहून दांडगी.

“तीन अंक बायकोले छळते, अन् शेवटी पायावर पडला का हे लगेच पाघळते!” त्या करवादायच्या. “भात शिजाले याच्याहून जास्त वेळ लागते, बाबू.”

मी मंडळाचा लेखक. “काकू, माफी नसली त टाळ्या कोण वाजवन?” म्हणत हसण्यावारी न्यायचो.

पोरगी रांगत होती तेव्हा काकूंचा नवरा दुसरीसोबत नाकाडोंगरीकडे निघून गेला होता. वीस वर्षांनी दुखणं घेऊन परतला. काकूंनी त्याला ओसरीवर खाट दिली, तो मरेपर्यंत दोन्ही वेळचं ताट आणि औषध दिलं. बोलल्या मात्र कामापुरतंच. गावाला वाटलं, केलं माफ. मलाही तेच वाटलं, आणि त्यांना न विचारता मी त्यावर नाटक लिहून मोकळा झालो. शेवटी बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणते, ‘मी तुम्हाला माफ केलं.’ वर शहाणपणा असा, की प्रॉम्प्टिंगची वही काकूंच्याच हातात दिली.

तालमींत या शेवटाला त्यांनी कपाळावर हात मारला नाही. मला वाटलं, आवडलं. प्रयोगात नेमकी त्या वाक्याशी नटी अडली आणि तिनं विंगेकडे पाहिलं. काकूंनी वही मिटली होती. नटीनं कसंबसं आठवून वाक्य टाकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनी वही माझ्या छातीला टेकवली.

“माह्या नवऱ्याले माफी देणारा तू कोण रे?”

दुसऱ्या दिवशी पाय धरायला गेलो. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर यातून लवकर सुटावं अशी घाईही होती.

“ऊठ. चहा पे. पण माफ केलं, हे माह्या तोंडून निंगणार नाही.”

त्यानंतर त्यांच्या घरचा चहा मला कधी चुकला नाही. माझ्या नाटकाची वही मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही, आणि ते मला फार लागायचं.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. मी रोज जाऊन बसायचो. एका दुपारी धीर करून विचारलं, “काकू, त्या नाटकाचं अजून मनात हाय का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाटक असतं, तर इथं मी त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला असता. त्यांनी पाणी मागितलं. मी पाजलं. मग त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या, आणि दोन दिवसांनी गेल्या.