लाल टिकलीचं घर

आमच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टशेजारी एक तक्ता लावलेला आहे आणि त्यावर आमच्या घरापुढे लाल टिकली आहे. तक्त्याची कल्पना माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी हूटगळ्ळीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पर्यावरणाच्या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क घेणारी पोरं गेटबाहेर पडताच चिप्सचं पाकीट गटारात टाकतात, याचा मला वर्षानुवर्षं संताप यायचा. शेवटी नववीच्या मुलांना म्हटलं, निबंध पुरे झाले, आपापल्या इमारतीतला कचरा मोजा. ओला सोडा, भंगारात जाणारा सोडा. ज्याचं पुढे काहीच होत नाही तेवढाच मोजा. आमच्या इमारतीतली मुलं दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ताणकाटा टांगून घरोघरच्या पिशव्यांचं वजन करू लागली. कमी कचऱ्याला हिरवी टिकली, मध्यमला पिवळी, जास्तीला लाल. आधी लोक हसले. मग लाल टिकलीवाले लिफ्टमध्ये खाली मान घालून उभे राहू लागले, तळमजल्यावरचे निवृत्त साहेब कापडी पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागले. मी स्टाफरूममध्ये मिरवत होते.

मग सासूबाई पडल्या. बेट्टदपुरचा डोंगर कुणाचा हात न धरता चढणारी ही बाई न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण संडासापर्यंत जाणं काही जमेना. घरात डायपर आले. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड करून मला अट घातली.

"हे ह्या खोलीबाहेर जायचं नाही. माझ्या लेकीलासुद्धा गोत्तु व्हायला नको, कळायला नको."

मी हो म्हटलं. त्या वेळी कुणीही हो म्हटलं असतं.

डायपर ओल्यात नाही, भंगारात नाही. मी ते वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायची, पिशवीला गाठ मारायची. कुणाचीही पिशवी उघडायची नाही हा नियम मीच केला होता, तेवढं नशीब. पण वजन कसं लपणार? आमची हिरवी टिकली पिवळी झाली आणि मग लाल झाली ती लालच राहिली.

ताणकाटा धरते ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, माझ्याच वर्गातली. हुशार, सरळ आणि भीडभाड न ठेवणारी. ती संध्याकाळी सासूबाईंकडे चौकाबारा खेळायला येते. कवड्या टाकताना दोघीही लबाडी करतात आणि दोघीही एकमेकींना पकडतात. सासूबाई पांघरूण कमरेच्या वर ओढून, केस नीट विंचरून तिची वाट बघत बसतात. त्यांच्या दिवसात तेवढाच एक तास त्या आजारी नसतात.

एका रविवारी ही मुलगी दोघा-तिघांना घेऊन दारात आली. लाल घराला टोचून बोलायचं नाही, घरी जाऊन मदत करायची, हेही माझंच शिकवणं.

"मिस, निम्म मनेदे जास्ती. याके?" तिने कानडीत विचारलं. तुमच्याच घरचं जास्त का, म्हणून.

"पाहुणे आले होते," मी म्हणाले.

"गेल्या वेळी साफसफाई म्हणाला होतात, मिस."

तिने आवाज चढवला नाही, उलट मला सांभाळून घेतल्यासारखं बोलली, "तुम्हीच सांगता ना, कारण प्रत्येकाकडे असतं, कचरा कारण विचारत नाही."

आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं.

त्या आठवड्यात मी एक पिशवी स्कूटरच्या डिकीत घालून येलवालच्या दिशेने निघाले. कुठेतरी टाकून यायची, एवढाच बेत. रस्त्याकडेला थांबले तर एका विद्यार्थ्याच्या आईने गाडी थांबवली. "काय झालं, मिस? पेट्रोल संपलं का?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पिशवी घेऊन मी घरी परतले. वाटेत मला त्या मुलांचा राग आला, सासूबाईंचाही आला.

पुढच्या रविवारी वजन कमी भरलं. त्यापुढच्या रविवारी आणखी कमी. पिवळी टिकली लागली, मग हिरवी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कुठलं तरी संकट आपोआप टळलं, असं वाटून मी त्याच्या खोलात गेले नाही.

तीन-चार दिवसांनी सासूबाई बरळायला लागल्या. ओठ सोललेले, जीभ टाळूला चिकटलेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "ह्या पाणी पीत नाहीत का? असंच चाललं तर किडनीवर जाईल."

तेव्हा मला सगळं दिसलं, पिशवी हलकी का झाली तेही. सकाळची कॉफी अर्धी, ताक नको, पाणी दिलं की "साकु, साकु, पुरे" म्हणून पेला बाजूला. आणि मी म्हणत होते, वय झालं, तहान कमी झाली.

घरी आणल्यावर मी त्यांना विचारलं, "आई, असं का केलंत?"

"ती पोरगी बरोबर बोलली ग. तुझ्या शाळेतली मुलं ती. माझ्यापायी त्यांच्यासमोर तुझी मान खाली कशाला?"

"मग तिला एकटीला सांगू दे मला. ती समजून घेईल."

"समजून घेईल म्हणूनच नको. खेळायला येईल, पण माझी कीव करून मला जिंकू देईल."

मी तिसऱ्या मजल्यावर त्या मुलीकडे गेले, म्हटलं, आता वजन थांबवू या. तिचा चेहरा पडला. "आताच तर सगळे सुधारलेत, मिस. तुम्हीसुद्धा." खरं कारण सांगायचं नव्हतं, वजन चालूच राहिलं. सासूबाईंना मात्र मी खोटंच सांगितलं की मुलांनी वजन बंद केलं, परीक्षा आहेत. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पेलाभर पाणी प्यायल्या. मला रडू आलं. आमची टिकली पुन्हा लाल झाली, त्याचं मला काहीही वाटलं नाही.

आज रविवार. मी खिडकी लावून घेतली होती. त्यांना उशीला टेकवून पेला ओठांशी नेला, तेवढ्यात खालून त्या मुलीचीच हाक आली, खणखणीत, "मिस, निम्म बॅग तन्नी!" पिशवी आणा.

सासूबाईंनी तोंड मिटलं. हाताने पेला हळूच बाजूला केला.

"जा," त्या म्हणाल्या. "मुलं खोळंबलीत."