नावेतलं डोहाळजेवण

काशीला मी निघाले ती डोहाळजेवणासाठी. सुमनताई माझी मावसबहीण. तिची सून वसुधा सात महिन्यांची गरोदर होती. ताईने एसटीडी बूथवरून हुकूमच सोडला, "नावेतलं डोहाळजेवण करतोय, तू यायचंच!" मी नाशिकला सोनोग्राफी करते. दवाखान्याला कुलूप लावलं, हिरवी साडी बॅगेत घातली आणि गाडीत बसले.

माघाची थंडी होती. स्टेशनाबाहेर धुक्यात समोरची रिक्षाही दिसेना. चौकात उतरून गल्ल्यांतून चालत रामघाटावरच्या घरी पोहोचले. पुढ्यात गरम चूडा-मटर (मटार घातलेले पोहे) आले आणि आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"वसुधाला जुकाम (सर्दी) झालाय ग, ठंडीत होतोच," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणाला छातीचा एक्स-रे काढा. पोटुशीचा कसला एक्स-रे? बाळाला बाधायचा. त्यापेक्षा तूच सोनोग्राफी कर."

पोटावर शिशाचा अ‍ॅप्रन बांधून एक्स-रे काढता येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाहुणी म्हणून आलेली, आल्या आल्या वाद नको, म्हणून गप्प बसले. दशाश्वमेधजवळ ताईच्या ओळखीच्या दवाखान्यात यंत्र मिळालं. बाळाचं हृदय कसं चालतंय ते सगळ्यांना दाखवलं आणि ऐटीत म्हणाले, "छान आहे!" वसुधा खोकतच टेबलावरून उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव निघाली. वसुधाला फुलांचे दागिने घातले, संकठा घाटासमोर ओटी भरली. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने उघडलेल्या वाटीत बर्फी होती. सगळ्या हसल्या. वसुधाही हसायला गेली आणि तिला धाप लागली. ओठ निळे पडले.

"मावशी, झुकून बसले तरच साँस येते," ती कशीबशी म्हणाली. "चार दिवस झाले."

"भैया, जल्दी! दशाश्वमेध ले चलो!" ताई नावाड्यावर ओरडली.

तेच टेबल, तेच यंत्र. या वेळी यंत्राचा प्रोब, पोटावरून फिरवतात तो, तिच्या पाठीवर ठेवला. उजवीकडे फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं, पडद्यावर काळं दिसलं. आदल्या दिवशी हात वीतभर वर सरकवला असता तर! मला माझीच चीड आली.

मोठ्या इस्पितळात कळलं, ते पाणी नव्हे, पू होता; छातीत नळी घालून तो काढला, ऑक्सिजन लावला. वसुधा वाचली. बाळाचं हृदय तिसऱ्या दिवशी थांबलं. मुलगीच होती.

निघताना तिच्या खाटेशी बसले.

"मावशी, तुम्ही तर छान म्हणाला होतात ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"बाळ छान होतं ग. तुझ्याकडे मी बघितलंच नाही."

घरी परतल्यावर शेजारणींनी काशीयात्रेची चौकशी केली. त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, बाकी काही सांगवलं नाही. आता दवाखान्यात खोकणारी गरोदर बाई आली, की मी तिला आधी कुशीवर वळवते आणि पाठीवर प्रोब ठेवते.

"डॉक्टर, बाळ तर पोटात आहे ना?" सोबतची माणसं घाबरून विचारतात.

"असू दे," मी म्हणते. "आधी आई बघू."